युद्धकाळातली रेडिओ-संध्याकाळ नागपुरात बसवायची आहे, मतं हवीत

खरखरप्रेमी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या वाचनालयाचा एक हौशी गट आहे. दर जानेवारीत आम्ही कार्यक्रम करतो. आजवरचा साचा ठरलेला: मागे पडद्यावर तिरंगा, पंधरा देशभक्तिपर गाणी, आणि दोन गाण्यांच्या मध्ये निवेदिकेच्या तोंडी 'धगधगता इतिहास', 'अंगावर शहारे आणणारा क्षण' वगैरे. गाणी छान होतात, टाळ्या पडतात, आणि बाहेर पडताना एकाही पोराला ते युद्ध कुठल्या साली झालं हे सांगता येत नाही.

यंदा उलट करायचं डोक्यात आहे. रंगमंचावर व्हॉल्व्हचा जुना रेडिओ आणि त्याच्याभोवती एक घर. सगळा इतिहास त्या पेटीतून येणार: बातम्या, फर्माइशी, नभोनाट्याचा तुकडा, मध्येच स्टेशन उडणं. आवाज देणारी मंडळी आणि वादक पडद्यामागे, सगळं प्रत्यक्ष. निवेदिका नाहीच. रेडिओवर जिथे गाणं लागलं असतं तिथेच गाणं.

वेळ दीड तास, सभागृह लहान. अडलंय इथे, की कुठलं युद्ध घ्यावं यावरून गटातच युद्ध पेटलंय. बरेच जण १९७१ म्हणतात, काही १९६२, आणि एक काका दुसऱ्या महायुद्धावर ठाण मांडून बसलेत. कुणी असं काही केलंय का, पाहिलंय का? घरच्या रेडिओच्या आठवणी असतील तर त्याही लिहा. लहानसहान तपशील जास्त कामाचे.

बर्डीवाला

मध्यंतरात तर्री-पोहे ठेवा, मी दोन्ही बाजूंनी लढतो.

माई_धंतोली

आमचं बालपण महालातल्या वाड्यात गेलं. मोठ्या काकांकडे मर्फी होता. त्याचं लायसन दरवर्षी पोस्टात जाऊन भरावं लागे, आणि ते पुस्तक काका दागिन्यांबरोबर कपाटात ठेवत. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाळीची एरियल. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आधी काचेमागे पिवळा उजेड, मग गुणगुण, मग हळूहळू माणूस बोलू लागे. तेवढ्या वेळात आम्ही पोरं चूप. सेटवर एक हिरवा डोळा होता. स्टेशन नीट लागलं की तो मिटत यायचा. तो डोळा फिरवायचा मान फक्त काकांचा.

१९६२ चा नोव्हेंबर मला आठवतो तो गाण्यांमुळे नाही. सेला, बोमदिला ही चीनकडच्या ईशान्य सीमेवरची नावं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली, आणि मोठी माणसं बातम्या संपल्यावरही रेडिओ बंद करायला उठत नसत हे पहिल्यांदा पाहिलं. पंडितजींचं भाषण झालं त्या रात्री वाड्यात कुणी कुणाशी बोललं नाही. पुढे संरक्षण निधीसाठी सोनं गोळा करायला बायका दारोदार आल्या. आमच्या काकूने हातातली एक पाटली काढून दिली, दुसरी ठेवली. त्यावरून आजी तिला पुढे कित्येक वर्षं बोलत होती. दिली म्हणून नव्हे, जोड मोडला म्हणून.

हे असलं काही तुमच्या नाटकात येणार असेल तर मी येईन. तिरंगा आणि ऑर्केस्ट्रा मला घरी टीव्हीवर दिसतो.

खरखरप्रेमी

माई, पाटलीचा प्रसंग तुमच्या परवानगीने घेतोच आहे.

षड्ज_पंचम

१९६२ घेतलंत तर नागपूरचा एक हक्काचा धागा आहे. 'ऐ मेरे वतन के लोगो'चे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, लहानपणी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले. वसंतराव देशपांडेही सप्रेगुरुजींचेच विद्यार्थी. म्हणजे देशाला रडवणाऱ्या त्या चालीचे पहिले धडे इथले. कवी प्रदीप यांचे शब्द, लताबाईंचा आवाज, समोर पंडित नेहरू. शेवट याच गाण्याने करा, सभागृह उभं राहील. शेवटच्या कडव्याला दिवे एकेक करून घालवा.

तारीखवार

षड्ज_पंचम, माहिती सोळा आणे खरी, पण सल्ल्याला माझा विरोध.

चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली २१ नोव्हेंबर १९६२ ला. हे गाणं पहिल्यांदा गायलं गेलं २७ जानेवारी १९६३ ला, दिल्लीत. मधे दोन महिने गेले. म्हणजे युद्ध चालू असताना हे गाणं कुणीच ऐकलेलं नव्हतं. ते नंतरच्या शोकाचं गाणं आहे. १९६२ म्हटलं की ज्या गाण्यांची आठवण होते त्यातली बरीचशी अशीच मागाहून आलेली. 'छोटा जवान' १९६३ चा, 'हकीकत' १९६४ चा.

मग माईंच्या वाड्यात त्या रात्री काय होतं? बोमदिला पडलं एवढीच बातमी. तेजपूर पडणार का? आसाम जाणार का? कलकत्त्यापर्यंत येतील का? कुणालाच माहीत नव्हतं. आणि एक-दोन दिवसांत युद्ध अचानक थांबणार आहे हे तर अजिबातच नाही. त्यांचं भय याच न कळण्यात होतं. आज आपण ते गाणं लावलं की प्रेक्षक आधीच निवांत होतो. झालं ते झालं, आता रडायला हरकत नाही, असं.

माझं म्हणणं एवढंच: जी तारीख निवडाल तिच्या पुढचं एक अक्षर रेडिओतून येऊ देऊ नका. गाणं नाही, आकडा नाही, 'पुढे इतिहासाने दाखवून दिले की' तर मुळीच नाही. हे पाळलंत तर साधी हवामानाची बातमीसुद्धा लोक कान टवकारून ऐकतील. नाही पाळलंत तर रेडिओची पेटी ठेवा नाहीतर फुलदाणी ठेवा, ऑर्केस्ट्राच होणार.

मुळा_मुठा

तारीखवार, शास्त्रशुद्ध आहात, पण तिकीट काढून आलेल्या माणसाला १९६२ च्या कार्यक्रमात ते गाणं मिळालं नाही तर तो तुमची तारीख विचारणार नाही, पैसे परत मागेल. आमच्याकडे पुण्यात तर लेखी मागेल.

तारीखवार

प्रवेश विनामूल्य ठेवा. मग पुणेकरही तक्रार करणार नाहीत, उलट लवकर येतील.

मुळा_मुठा

:) हे मात्र खरं.

क्रांतिभूमी

मी मूळचा चिमूरकडचा, आता नागपुरात. एवढी चर्चा झाली आणि कुणी १९४२ चं नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. तुमच्या त्या काकांना माझा नमस्कार सांगा.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. चिमूरला मोर्चा, गोळीबार, सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर गेला. मग जमाव भडकला, सरकारी माणसं मारली गेली. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यात आष्टीलाही हेच घडलं. नंतर चिमूरमध्ये सैन्य आलं आणि गावावर, विशेषतः बायांवर, जे अत्याचार झाले ते आमच्याकडे म्हाताऱ्या अजूनही आवाज उतरवून सांगतात. वर्तमानपत्रांना त्यावर लिहायची मुभा नव्हती. सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी चौकशीसाठी त्रेसष्ट दिवसांचा उपास केला, तर त्या उपासाची बातमी छापायलाही बंदी.

आता रेडिओ. त्याच दिवसांत मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सोबती काँग्रेस रेडिओ चालवत होते. ४२.३४ मीटरवर, 'हिंदुस्थानातल्या कुठल्याशा ठिकाणाहून' बोलतोय असं सांगत. उषाबाई तेव्हा बाविशीच्या. पोलिसांची गाडी माग काढायची म्हणून जागा सतत बदलायची. देशभरातून निरोपे बातम्या आणून देत, आणि जे छापता येत नव्हतं ते इथून ऐकवलं जाई. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांचं सविस्तर वर्णन आम्ही प्रसारित केलं, असं उषाबाईंनी पुढे मुलाखतीत सांगितलेलं आहे.

म्हणजे विदर्भातल्या एका गावाचं रडणं सरकारी रेडिओने दाबलं आणि मुंबईतल्या एका खोलीतल्या चोरट्या यंत्राने जगासमोर मांडलं. याहून चांगलं नाट्य नागपूरच्या रंगमंचाला कुठे मिळणार?

संगीतासाठी कुठे लांब जायला नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आहे. झाडंझुडपं शस्त्रं होतील, दगड बॉम्ब होतील, भक्तांची सेना होईल, अशा आशयाचं त्यांचं भजन त्या दिवसांत लोकांच्या तोंडी होतं. २८ ऑगस्टला त्यांना चंद्रपुरात पकडलं, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. खंजिरीवरच्या भजनाची सरकारला एवढी धास्ती! पुढे १९६२ आणि १९६५ मध्ये हेच महाराज जवानांना धीर द्यायला सीमेवर जाऊन गायले.

माई_धंतोली

खंजिरी प्रत्यक्ष वाजवणारा माणूस आणा हो. डफलीवर भागवू नका. तो आवाज वेगळा.

बर्डीवाला

एक नंबर भाऊ. १९४२ ला आपलं मत. 'इदं आकाशवाणी नागपूरकेंद्रम्' म्हणून सुरुवात करायची, टाळ्याच टाळ्या.

तारीखवार

अहो बर्डीवाले, १९४२ मध्ये नागपूर केंद्रच नव्हतं. ते सुरू झालं १६ जुलै १९४८ ला. १९४२ च्या नागपुरात सुई फिरवली असती तर सरकारी बातम्यांसाठी दिल्ली किंवा मुंबईचं ऑल इंडिया रेडिओ. लघुलहरींवर लंडनहून बीबीसीची हिंदुस्थानी सेवा, ती मे १९४० पासून होती. आणि बर्लिनकडून आझाद हिंद रेडिओ. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यानंतर सुभाषबाबू स्वतःच्या नावाने त्यावर बोलू लागले. तोवर जगाला ते नक्की कुठे आहेत हे ठाऊक नव्हतं. दार लावून, आवाज बारीक करून ऐकायचं स्टेशन ते हे.

बर्डीवाला

बरं बाप्पा. मग मी दारावर पाळत ठेवायचं काम करतो. त्याले तारीख लागत नाही.

टेम्सकाठी

मी नागपूरचीच, सध्या इंग्लंडात. इकडे हा प्रकार भरपूर चालतो. जुन्या वाफेच्या रेल्वेगाड्या जिथे जतन केल्यात तिथे चाळीसच्या दशकाचे शनिवार-रविवार भरतात. गणवेश घातलेली माणसं, लाल लिपस्टिक, बिग बँडचं संगीत, बीबीसीच्या जुन्या कार्यक्रमांची नक्कल, रेशनच्या पुस्तकाची प्रतिकृती. दोनदा गेले. पहिल्यांदा भारावले. नंतर मात्र वाटू लागलं की इथलं युद्ध म्हणजे छान कपडे घालून नाचायची सबब झाली आहे. ज्या ग्लेन मिलर या बँडप्रमुखाच्या सुरावर सगळे नाचतात तो १५ डिसेंबर १९४४ ला इंग्लिश खाडीवरून जाताना विमानासकट नाहीसा झाला. हे त्या दिवशी तिथे कुणी उच्चारत नाही.

एकदा मात्र एका छोट्या गावाच्या हॉलमध्ये फार चांगलं पाहिलं. मंचावर दोन रेडिओ. एकावर लंडन, एकावर जर्मनीच्या ताब्यातलं बेलग्रेड. 'लिली मार्लेन' हे मूळ जर्मन गाणं १९४१ पासून बेलग्रेडच्या केंद्रावरून रोज रात्री लागायचं, आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात समोरासमोरच्या दोन्ही सैन्यांतले शिपाई ते ऐकायचे. हॉलमध्ये आधी एका पेटीतून जर्मनमध्ये, मग दुसऱ्या पेटीतून इंग्रजीत तेच गाणं. निवेदन नाही, रडारड नाही. त्यानंतर सरळ पुढची बातमी.

तेव्हा दुसऱ्या बाजूचाही रेडिओ घ्या.

जरीपटका_७०

आणि दुसऱ्या बाजूचा रेडिओ म्हणजे काय, १९६५ घेतलं तर लाहोर केंद्र लावणार? आपल्या पोरांसमोर? बापाने गोळ्या खाल्ल्या त्या घरातले लोक समोर बसलेले असतील. कामठीची छावणी जवळ आहे हे विसरू नका.

षड्ज_पंचम

लावावंच लागेल. सुई जरा सरकली की लागायचंच ते. लाहोरला तेव्हा नूरजहाँ सैनिकांसाठी गात होती. तीच नूरजहाँ, जिच्यावर फाळणीआधी आपली मुंबई फिदा होती. आपल्या आधीच्या पिढीतल्या कित्येकांनी ती गाणी चोरून ऐकली असणार, आणि ऐकून स्वतःचाच राग आला असणार. ते दाखवायला हवं.

जरीपटका_७०

तुम्हाला दाखवायला हवं, मला नको. कलाकार मंडळींना शत्रूचा सूर फार लवकर गोड लागतो.

षड्ज_पंचम

सूर कुणाचा हे कळल्याशिवाय गोड लागतो, हीच तर गंमत.

इतवारीचा_नातू

आता इथे पण सीमारेषा आखा अन् बंकर खोदा.

व्यवस्थापक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. चर्चा कार्यक्रमाविषयी आहे. सध्याच्या राजकारणासाठी दुसरे धागे आहेत, तिथे भरपूर दारूगोळा शिल्लक आहे.

फेडर_वर

ध्वनिमुद्रण हा माझा धंदा. तांत्रिक गोष्टी सांगतो.

एक फार मोठी चूक लोक करतात. निवेदकाला माईकवर बोलवतात आणि सभागृहाच्या स्पीकरमधून तो आवाज काढतात. मग तो रेडिओ वाटत नाही, रेल्वे स्टेशन वाटतं. पेटीच्या आत छोटा स्पीकर बसवा. पडद्यामागचे आवाज आधी त्यात सोडा. पेटीसमोर माईक ठेवून तो आवाज सभागृहाला द्या. लाकडाचा घुमारा आपोआप येतो. दोनशे हर्ट्झच्या खालचं आणि साडेचार-पाच हजाराच्या वरचं काढून टाका. नुसत्या खरखरीच्या फाइली नेटवरून उतरवून सतत वाजवू नका, कान विटतात. लघुलहरींचा आवाज वरच्या वातावरणावरून उलटून येतो, त्यामुळे तो लाटेसारखा मोठा-बारीक होतो. ते हाताने करा. बातमीतलं नेमकं गावाचं नाव बुडालं पाहिजे. मग घरातली माणसं एकमेकांना विचारतील, 'काय म्हणाला? कुठलं गाव?' तुमचा संवाद तयार. शेजारी दुसरं स्टेशन असलं की बारीक शीळ ऐकू येते, तीही घाला.

पडद्यामागचे इफेक्ट प्रेक्षकांना दिसू द्यावेत असं माझं मत आहे. गडगडाटासाठी टांगलेला पत्रा, टापांसाठी नारळाच्या कवट्या. लहान मुलं रेडिओपेक्षा पत्र्याकडेच बघतील, बघू दे.

आणि ऑल इंडिया रेडिओची ती सकाळची धून. ती बांधली वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराने. हिटलरच्या सावलीतून युरोप सोडून तो मुंबईत आला आणि आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळू लागला. आपण लहानपणापासून शिवरंजनीची छाया म्हणून जी ऐकतो ती एका निर्वासिताची चाल आहे. १९४२ घेतलंत तर ही धून तारखेच्या कसोटीलाही उतरते, तारीखवार खूश होतील.

तारीखवार

खूश आहे.

सहावी_ब

मी शाळेत शिकवते. सायरनबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्या स्नेहसंमेलनात एकदा हवाई हल्ल्याचा भोंगा मोठ्याने वाजवला आणि बालवाडीची पोरं भोकाड पसरून रडली. शिवाय मे २०२५ मध्ये सरकारने वाहिन्यांना सांगितलं होतं, की नागरी संरक्षणाच्या भोंग्याचा आवाज कार्यक्रमांत वापरू नका, लोकांना त्याची सवय होईल आणि खऱ्या वेळी कुणी हलणार नाही. सूचना वाहिन्यांसाठी होती, पण मुद्दा सभागृहालाही लागू आहे. वस्तीतल्या सभागृहात खिडक्या उघड्या असतात.

दुसरं, बनावट बातम्या. तुम्ही हुबेहूब सरकारी आवाजात काहीतरी रचून वाचणार, समोरचं पोरगं फोनवर टिपणार, आणि ते मूळ ध्वनिमुद्रण म्हणून गटागटांत फिरणार. हे होतंच. बातमीपत्राचा मजकूर रचू नका. 'हितवाद' इथे १९११ पासून निघतंय, जुने अंक वाचनालयातून शोधा आणि त्या दिवशी जे छापलं गेलं त्यावरूनच वाचा. घरातली माणसं, त्यांची भांडणं, पत्रं हे खुशाल काल्पनिक असू द्या.

फेडर_वर

भोंग्याऐवजी दिवे घालवा आणि पेटीमागचा पिवळा उजेड ठेवा. मी मुंबईला वाढलो, १९७१ च्या ब्लॅकआऊटमध्ये आमच्याकडे काचांना काळा कागद होता आणि बाबा रेडिओच्या काचेवरसुद्धा टॉवेल टाकायचे.

इतवारीचा_नातू

१९७१ वाल्यांची बाजू कुणी मांडली नाही म्हणून मी मांडतो. स्वाधीन बांगला बेतार केंद्र, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यलढ्याचा रेडिओ. मार्चमध्ये चितगावजवळ कालुरघाटहून सुरू झालं, त्यावर बॉम्ब पडले, मग मे महिन्यापासून कलकत्त्यातल्या एका घरातून चाललं. तिथे एम. आर. अख्तर मुकुल 'चरमपत्र' नावाचा कार्यक्रम करायचे. ढाक्याच्या रस्त्यावरच्या बोलीत पाकिस्तानी सैन्याची रोज टर उडवायची. शुद्ध बंगालीत नाही, मुद्दाम टपोरी बोलीत. म्हणूनच माणसं अंधारात रेडिओला कान लावून हसत होती.

आता हे आपल्याकडे प्रमाण मराठीत केलं तर मेलं समजा. आपल्या बोलीत करा. माझा नमुना, सगळा माझ्या मनचा:

'ऐका राजेहो! ढाक्याच्या सायबाले आज पुन्हा सपनात मुक्तिवाहिनी दिसली. दचकून उठले, बूट शोधू लागले. त एक बूट जेसोरले अन् दुसरा खुलन्याले. अर्दली म्हणे, सायेब, माघार घेऊन राहिलो का? सायेब म्हणे, काहून बे, माघार कोन घेऊन राहिला? आपण पुढंच चालून राहिलो, फक्त तोंड तेवढं इकडून तिकडं केलं!'

बर्डीवाला

हे घ्याच. हे मी म्हणतो. पाळतीवरून बदली द्या मला.

माई_धंतोली

मी एकटीच हसत बसले, सुनेने येऊन विचारलं काय झालं.

सहावी_ब

याला कुणी मूळ ध्वनिमुद्रण समजणार नाही, तेव्हा माझी हरकत नाही.

मुळा_मुठा

गंमत वेगळी, पण १९७१ चा शेवट सगळ्यांना पाठ आहे. १६ डिसेंबर, ढाका, शरणागतीचा तो फोटो. तारीखवारांच्या नियमाने बघायचं तर न कळण्याचं भय तिथे कसं आणणार? मी आता त्यांच्या बाजूला चाललोय बहुतेक.

तारीखवार

स्वागत. मेपाशी थांबायचं. मे मधल्या बंगाली माणसाला डिसेंबर माहीत नाही.

जरीपटका_७०

मघाशी मी चिडून लिहिलं असेल, मत तेच आहे. पण एक सुचवतो. फौजी घरात रेडिओचा अर्थ वेगळा होता. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली आणि मग संध्याकाळी फौजी भावांसाठी 'जयमाला'. आमचे वडील पूर्वेकडे तैनात होते. आई रोज 'जयमाला' लावायची. हे गाणं तेही आत्ता ऐकत असतील, एवढंच तिला पुरे व्हायचं. पत्र यायला आठवडे लागत. फर्माइशीत युनिटची नावं वाचत, त्यात ओळखीचं काही येतंय का म्हणून ती हातातलं काम थांबवायची. कुठल्याही वीरश्रीच्या गाण्याने तिला काही झालेलं मी पाहिलं नाही. साधं हलकंफुलकं सिनेमाचं गाणं लागलं की मात्र पदर डोळ्याला लागायचा.

तुमच्या कार्यक्रमात वीरगीतं कमी करा. सैनिक ती मागवत नसत, त्यांना घरची आठवण येणारी गाणी हवी असत.

षड्ज_पंचम

जरीपटका, हे वाचून माझं मघाचं भांडण मागे घेतो असं नाही, पण या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. संगीत-नियोजन यावरच व्हायला हवं.

टेम्सकाठी

+१. इथे युद्धकाळात गायिका व्हेरा लिनचा सैनिकांसाठीचा कार्यक्रम याच धर्तीवर होता. घरून आलेले निरोप आणि हळवी गाणी. काही वरिष्ठांना भीती वाटली होती की याने शिपाई मऊ पडतील.

इतवारीचा_नातू

आणि ज्या रेडिओ सिलोनवर आपण दर बुधवारी 'बिनाका गीतमाला' ऐकत वाढलो त्या केंद्राचं मूळही युद्धातलंच. दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशियातल्या सैनिकांसाठी कोलंबोहून जे रेडिओ सीॲक चाललं, त्याची यंत्रणा पुढे रेडिओ सिलोनला मिळाली. सगळ्यांचा बुधवार सुखाचा केला तो माउंटबॅटनच्या फौजांच्या ट्रान्समीटरने!

बर्डीवाला

धागा बिनाकावर गेला, आता दोन दिवस परत येत नाही.

क्रांतिभूमी

मी परत आणतो. गाणं हवं की तारीख, या वादाचं उत्तर १९४२ मध्येच आहे.

काँग्रेस रेडिओचा कार्यक्रम 'हिंदोस्ताँ हमारा'ने सुरू व्हायचा आणि 'वंदे मातरम्'ने संपायचा. १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पोलीस दार फोडून आत आले तेव्हा तबकडीवर 'वंदे मातरम्' लागलेलं होतं. बंद करा म्हटलं तर या लोकांनी बंद केलं नाही. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

म्हणजे शेवटी गाणं आहे, उभं राहायला लावणारं आहे, आणि ते त्या रात्री खरोखर हवेत होतं. निवेदिका नको, पुढे काय झालं ते सांगायला नको. मुळा_मुठांचे पैसे वसूल, तारीखवारांचा नियम शाबूत. रंगमंचाचे दोन भाग करा: एकीकडे मुंबईची खोली, दुसरीकडे चिमूर. निरोप्या चिमूरहून निघतो तिथे खंजिरी, आणि त्याने आणलेला मजकूर इकडे वाचला जातो. मध्ये दिल्लीचं सरकारी बातमीपत्र, ज्यात चिमूरचा उल्लेखही नाही. एवढं दाखवलं तरी पोरांना सेन्सॉर म्हणजे काय ते कळेल.

तारीखवार

उभा राहून टाळ्या. एकच पुरवणी: तबकडी मध्येच थांबवा की पूर्ण होऊ द्या, यावर विचार करा. मला पूर्ण होऊ द्यावी असं वाटतं. त्यांनी ती थांबवू दिली नव्हती.

सहावी_ब

अत्याचारांचा भाग मुलांसमोर कसा ठेवणार? टाळू नका, पण वर्णनही नको. वाचणारीचा आवाज एका जागी थांबला आणि तिने कागद शेजारच्याकडे दिला, एवढ्याने मोठ्यांना कळेल.

खरखरप्रेमी

काल गटाची बैठक झाली, हा धागा छापून नेला होता. १९४२ ठरलं. काका विजयी मुद्रेने घरी गेले. माईंची पाटली यात बसत नाही, ती १९६२ साठी राखून ठेवली आहे. तो कार्यक्रम बोमदिलाच्या बातमीवर संपेल, गाण्याशिवाय. 'चरमपत्र' वाली बोली सोडवत नाही, म्हणून १९४२ मध्येच पारावर बसून सरकारी बातमीची टर उडवणारं एक पात्र घेतोय. बर्डीवाले, तालमीला या.

भोंगा रद्द. खंजिरीवाले भजनी मंडळ क्रांतिभूमींच्या ओळखीने मिळतंय. गाणी सगळी प्रत्यक्ष गाणार, तरी जाहीर प्रयोगाच्या परवानगीचं एक जण बघतोय. जुन्या अंकांसाठी वाचनालयाकडे अर्ज गेलाय.

एकच अडचण उरली आहे. चालू स्थितीतला व्हॉल्व्ह सेट कुणाकडे आहे? आतला आवाज आपलाच असणार, पण काचेमागे उजेड आणि हिरवा डोळा खरा हवा.

मुळा_मुठा

माझ्याकडे आजोबांचा बुश आहे. दिवा लागतो, डोळाही मिटतो. मात्र दहा मिनिटांनी ट्रान्सफॉर्मरमधून जळका वास येतो.

फेडर_वर

मूळ यंत्रणेला वीज देऊच नका. दिवा आणि डोळा वेगळ्या तारेवर काढून देतो. सेट आधी माझ्याकडे पाठवा, आणि कुरिअरने नको, कुणीतरी मांडीवर घेऊन या.

बर्डीवाला

वास येऊ द्या हो. चिमूर पेटलं तेव्हाच सोडायचा.